ताट आणि खाट : थोर विद्यापीठांची खरी तुलना

परीक्षांचे निकाल लागले कीं आमच्या शहरांतल्या मोठ्या हॉटेलांतून परदेशी विद्यापीठांचे बाजार भरूं लागतात. दलाल लोक कोट-टाय घालून बसलेले असतात, टेबलावर गुळगुळीत कागदाचीं चोपडीं मांडलेलीं असतात आणि खेड्यांतून आलेला शेतकरी बाप मुलाच्या मागें अवघडून उभा असतो. त्या चोपड्यांतून विद्यापीठांची तुलना केलेली असते. ऑक्सफर्ड म्हणे भर गांवांत वसलेलें, गजबजलेलें. केंब्रिज त्या मानानें शांत, पाठीशीं कॅम नदी व तिच्यांत लांब काठीनें ढकलीत न्यावयाच्या चपट्या होड्या. हार्वर्ड लाल विटांचें, येल जुन्या किल्ल्यासारखें दगडी, प्रिन्स्टन झाडींत वसलेलें, कोलंबिया न्यूयॉर्कच्या गर्दींत. खोल्या कशा, जेवण कसें, थंडी किती, हिरवळ किती, खेळांचीं व नाटकांचीं मंडळें किती, सर्व कांहीं त्यांत आहे. बाप विचारतो, "साहेब, यांतलें चांगलें कोणतें?" दलाल म्हणतो, "ज्याच्या त्याच्या आवडीवर आहे, काका!"

हीं चोपडीं आम्हीं बारकाईनें वाचलीं. ज्या एका प्रश्नावर आमच्या मुलाचें सारें भवितव्य अवलंबून आहे, तेवढाच त्यांत नाहीं. त्या सुंदर भोजनगृहांत जेवायला कोण बसत होतें आणि वाढायला कोण उभें राहत होतें? त्या दगडी इमारतींत कोणाला खाट मिळाली आणि कोणाला 'जागा नाहीं' म्हणून दारांतून परत लावण्यांत आलें? विद्यापीठ मोजण्याचा आमचा गज हा आहे. ताट आणि खाट! मनोरे, घुमट व नदी हीं मागून पाहूं.

कोणी शहाणा म्हणेल, विद्येच्या मंदिरांत भाकरीची गोष्ट कशाला? ज्याला भाकरीची भ्रांत कधीं पडली नाहीं त्यालाच ही शंका सुचते. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें होतें कीं, सरकारच्या तिजोरींत पैसा येतो रयतेच्या घामाचा आणि उच्च शिक्षणावर खर्च होऊन जातो तो वरच्या वर्गाच्या पदरांत. गरिबाचा मुलगा बुद्धीला अडत नाहीं. तो अडतो दुपारच्या जेवणाला आणि रात्रीच्या निवाऱ्याला.

शिवाय आणखी एक गोष्ट आहे. या थोर म्हणविणाऱ्या विद्यापीठांत अर्धें शिक्षण वर्गाबाहेर होतें. ऑक्सफर्ड-केंब्रिजची रीतच अशी कीं विद्यार्थी कॉलेजांत राहतो, तेथेंच जेवतो आणि आठवड्याचा निबंध गुरूच्या खोलींत बसून वाचून दाखवितो. कोण कोणाच्या शेजारीं जेवला, कोणाची कोणाशीं दोस्ती जमली, यांतून पुढचे न्यायाधीश, संपादक व दिवाण तयार होतात. एकट्या ऑक्सफर्डांत शिकून गेलेले तीसएक जण ब्रिटनचे पंतप्रधान झाले. ते केवळ व्याख्यानें ऐकून झाले काय? तेव्हां ज्याला पंगतींतून उठविलें त्याचें केवळ जेवण गेलें असें समजूं नये. त्याचें अर्धें शिक्षणच गेलें.

हा गज घेऊन आधीं ऑक्सफर्डला जाऊं. अठराव्या शतकांत तेथें विद्यार्थ्यांच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. सर्वांत वर सरदारपुत्र. त्याच्या टोपीला सोन्याचा गोंडा. त्याखालीं जास्त फी भरणारे 'जेंटलमन कॉमनर', अंगावर रेशमी झगा. या सोनेरी गोंड्याच्या मागें मागें करणाऱ्या लाळघोट्यांसाठीं इंग्रजींत एक खास शब्दच रूढ झाला. आपण त्याला 'गोंडेशिकारी' म्हणूं. आणि अगदीं तळाशीं 'सर्व्हिटर'. त्यानें श्रीमंत सोबत्यांचीं व शिक्षकांचीं कामें करावीं, पंगतींत वाढावें आणि त्या मोबदल्यांत फींत सूट घ्यावी. एकच गुरु, एकच ग्रंथ. पण भोजनगृहांत शिरतांच एक यजमान व दुसरा चाकर! याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात. आपल्याकडे तो धर्माच्या नांवानें चाले, तेथें विद्येच्या नांवानें चालला, एवढाच काय तो फरक.

सॅम्युएल जॉन्सन हा पुस्तकें विकणाऱ्याचा मुलगा १७२८ सालीं ऑक्सफर्डच्या पेंब्रोक कॉलेजांत गेला. त्याचे जोडे फाटून पायाचीं बोटें बाहेर आलीं होतीं, तीं दुसऱ्या कॉलेजच्या मुलांच्या नजरेस आलीं. त्याचा चरित्रकार बॉस्वेल सांगतो कीं, कोणीं तरी दया येऊन त्याच्या दारांत नवा जोड ठेविला, तो जॉन्सननें उचलून फेकून दिला. सुमारें तेरा महिन्यांत पैसा सरला व तो पदवीवांचून घरीं परतला. पुढें याच माणसानें इंग्रजी भाषेचा कोश एकहातीं रचला. १७५५ सालीं तो कोश छापून बाहेर पडण्याची वेळ येतांच त्याच ऑक्सफर्डनें त्याला एम. ए. ची पदवी देऊं केली. वाहवा! मुलगा उपाशी असतांना त्याचे फाटके जोडे दिसले; कोश तयार झाल्यावर त्याची विद्वत्ता दिसली!

आतां केंब्रिज. चोपडें म्हणतें, केंब्रिजची हवा निराळी. आम्हांला तर तेथें सर्व्हिटरऐवजीं 'सायझर' दिसला. विश्वाचे नियम सांगणारा न्यूटन १६६१ सालीं ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झाला तो 'सबसायझर' म्हणून, म्हणजे चाकरीच्या बदल्यांत शिकणारा म्हणून. पळसाला पानें तीनच! या चाकरीच्या फटींतून निदान एखादा न्यूटन आंत शिरूं शकला, हें कबूल केलें पाहिजे. पण आंत शिरण्यासाठीं वांकावें लागणें आणि ताठ मानेनें आंत जाणें, या दोन गोष्टी एक नव्हेत.

वांकूनही आंत जातां येत नव्हतें असे लोक निराळेच. १८५४ पर्यंत ऑक्सफर्डांत नांव दाखल करतांनाच इंग्लंडच्या सरकारी धर्मपंथाचीं एकोणचाळीस कलमें मान्य असल्याची सही द्यावी लागे. केंब्रिज तेवढ्यापुरतें सैल. आंत येऊं देई, पण पदवीच्या वेळीं धर्म विचारी, तो १८५६ पर्यंत. दोन्हीं विद्यापीठांतील बहुतेक पदांवरचा धर्माचा पहारा उठायला १८७१ चा कायदा व्हावा लागला. कॅथलिक, यहुदी व पंथ सोडलेला ख्रिस्ती यांनीं तोंवर हिरवळ बाहेरूनच पाहावी.

आणि बायका? १८६९ सालीं स्त्रियांसाठीं गर्टन कॉलेज निघालें, १८७१ सालीं न्यूनहॅम. मुली शिकल्या, परीक्षेला बसल्या, पुरुषांच्या वरचे नंबर काढूं लागल्या. पण पदवी नाहीं. १८९७ सालीं त्यांना पदवी द्यावी असा ठराव केंब्रिजांत आला, तेव्हां विद्यार्थ्यांनीं सायकलीवर बसलेल्या बाईचें बुजगावणें भर चौकांत टांगलें, आणि ठराव ६६२ विरुद्ध १,७१३ मतांनीं पडला. १९२१ सालीं पुन्हां नकार मिळाला; त्या विजयाच्या उन्मादांत पुरुष विद्यार्थ्यांच्या जमावानें हातगाडीचे धक्के मारून न्यूनहॅमचें दार मोडलें. ऑक्सफर्डनें स्त्रियांना पदवी दिली १९२० सालीं, केंब्रिजनें १९४८ सालीं. म्हणजे अठ्ठावीस वर्षांचा फरक. ऑक्सफर्ड कीं केंब्रिज, हा प्रश्न घालायचाच तर असा घालावा! कोणत्या नदीवर होडी चांगली चालते हें विचारण्यांत काय हंशील?

अमेरिकेंत राजा नाहीं, सरदार नाहींत. तेव्हां तेथें तरी पंगत सरळ असेल असें वाटावें. पण १६३६ सालीं स्थापन झालेल्या हार्वर्डांत अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या आधीं कांहीं वर्षांपर्यंत विद्यार्थ्यांचीं नांवें गुणांच्या क्रमानें लावीत नसत, अक्षरांच्या क्रमानेंही नाहीं. तीं लागत बापाच्या प्रतिष्ठेच्या क्रमानें. वर्गांत, प्रार्थनेंत व जेवणांत बसायचें तेंही त्याच क्रमानें. पुढें तो क्रम मोडला तों पैशाचा क्रम आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉलेजच्या आवाराबाहेर, माउंट ऑबर्न रस्त्याच्या बाजूस, श्रीमंत मुलांसाठीं खाजगी इमारती उठल्या. तेथें वाफेनें उबविलेल्या खोल्या व पोहण्याचा हौददेखील. लोक त्या भागाला 'सोन्याचा किनारा' म्हणूं लागले. सामान्य विद्यार्थी आवारांतल्या जुन्या, गैरसोयीच्या खोल्यांतून राही.

प्रिन्स्टनांत जेवणाचे क्लब निघाले. क्लबानें निवडलें तर समाजांत मान, नाहीं तर विद्यार्थी एकटा. पुढें अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन तेव्हां प्रिन्स्टनचे प्रमुख होते. सर्व विद्यार्थ्यांनीं एकत्र राहावें व जेवावें अशी योजना त्यांनीं १९०७ सालीं मांडली. माजी विद्यार्थी खवळले आणि योजना बारगळली. ज्या माणसानें पहिल्या महायुद्धांत देशाचा गाडा हांकला, त्याला पोरांचे जेवणाचे क्लब मोडतां आले नाहींत! आणि त्या एकत्र पंगतींतही काळ्या विद्यार्थ्याचें पान मांडलेलें नव्हतेंच. प्रिन्स्टनचें दारच त्याला बंद होतें.

हार्वर्डचे प्रमुख लॉरेन्स लोवेल यांचें प्रकरण तर याहून बोधप्रद आहे. सोन्याच्या किनाऱ्यावरचा श्रीमंत व जुन्या खोलींतला गरीब हे एका छपराखालीं राहावेत, म्हणून यांनींच पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठीं नव्या इमारती बांधविल्या. हेतु उत्तम! पण या 'सर्वांसाठीं' बांधलेल्या इमारतींत काळ्या विद्यार्थ्यांना जागा द्यावयाची नाहीं असाही नियम यांनींच चालविला. १९२२ सालीं त्यावर ओरड झाली. याच लोवेलसाहेबांनीं त्याच सुमारास यहुदी विद्यार्थ्यांची संख्या बांधून टाकण्याचा घाट घातला. शेवटीं १९२३ सालीं हार्वर्डच्या देखरेख मंडळानें काळ्या विद्यार्थ्यांवरील बंदी अमान्य केली. समता बांधायला निघालेला मनुष्यही 'सर्व' या शब्दांतून कोणाला तरी वगळतो, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत धरावें. त्याच्याही आधीं, १८८८ सालीं, थोर काळे पंडित डु बॉइस हार्वर्डांत आले. त्यांनीं बाहेर एका काळ्या बाईच्या घरीं खोली घेतली. विद्यापीठाच्या गायन मंडळानें त्यांना घेतलें नाहीं. १८९५ सालीं तेच हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे पहिले काळे गृहस्थ झाले.

या विद्यापीठांच्या दगडविटांचें कौतुक करतांना त्यांचा पैसा कोठून आला हेंही विचारावें. ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजचें भव्य ग्रंथालय क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन याच्या देणगींतून उभें राहिलें, आणि त्याच्या घराण्याची दौलत वेस्ट इंडीजच्या मळ्यांत गुलामांनीं पिकविलेल्या उंसाची होती. त्या ग्रंथालयावरून त्याचें नांव निघालें तें २०२० सालीं. हार्वर्डनें २०२२ सालीं स्वतःच अहवाल काढून कबूल केलें कीं, त्याच्या प्रमुखांनीं, शिक्षकांनीं व नोकरवर्गानें सत्तराहून अधिक माणसें गुलाम म्हणून बाळगलीं होतीं. प्रायश्चित्त म्हणून दहा कोटी डॉलर बाजूला ठेवले. उशिरां कां होईना, हिशेब उघडला हें बरें झालें.

आतां आम्ही कोलंबियाकडे वळतों, कारण तेथें आमचें एक माणूस राहून आलें आहे. सयाजीराव गायकवाडांनीं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति दिली आणि १९१३ सालीं भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोंचले. आधीं विद्यापीठाच्या हार्टली हॉलांत, मग कॉस्मॉपॉलिटन क्लबांत आणि पुढें लिव्हिंगस्टन हॉलांत त्यांना खाट मिळाली. या लिव्हिंगस्टन हॉलांत त्यांचे खोलीसोबती होते नवल भथेना नांवाचे पारशी विद्यार्थी. ही मैत्री जन्मभर टिकली. ज्याला आपल्या शाळेंत पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची बंदी होती, तो येथें टेबलाशीं बसून जेवला आणि कोणी उठून गेलें नाहीं.

वाचकहो, आतां पुढचा देखावा पाहा. १९१७ सालीं तेच भीमराव शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. कोलंबियाची विद्या पाठीशीं. पण साऱ्या बडोद्यांत राहायला खोली मिळेना. नांव लपवून ते एका पारशी पथिकाश्रमांत उतरले. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेले लोक दारांत येऊन ठाकले. हिंदु मित्रानें व ख्रिस्ती मित्रानेंही सबबी सांगितल्या. शेवटीं दिवसभर बागेंत बसून रात्रीच्या गाडीनें त्यांना मुंबई गांठावी लागली.

या दोन देखाव्यांत आमचें सारें म्हणणें आलें. न्यूयॉर्कांत खोली वाटून घेणारा तरुण पारशी, आणि बडोद्यांत काठी घेऊन आलेलेही पारशीच. तेव्हां दोष एखाद्या जमातीच्या रक्ताचा नव्हे. शेजारच्या खाटेवर कोण झोपेल हें जेथें जात ठरवीत नाहीं, तेथें माणूस माणसाचा मित्र होतो. जेथें जात ठरविते, तेथें तोच माणूस काठी उचलतो. विद्यापीठाचा परिसर म्हणतात तो हा! झाडें व तळीं यांना आम्ही परिसर म्हणत नाहीं.

म्हणून आम्ही कोलंबियाला देव्हाऱ्यांत बसवितों असें मात्र कोणी समजूं नये. त्याच्या मुख्य कॉलेजांत मुलींना प्रवेश मिळाला तो १९८३ सालीं. येल व प्रिन्स्टन यांनीं तो १९६९ सालींच दिला होता. आणि १९६८ सालीं शेजारच्या हार्लेममधील काळ्या वस्तीच्या सार्वजनिक बागेंत या विद्यापीठानें व्यायामशाळा बांधायला घेतली, तिचा वरचा दरवाजा विद्यापीठासाठीं आणि वस्तीसाठीं दरवाजा खालच्या अंगाला! विद्यार्थी व वस्ती दोघेही उठले, इमारती अडवून बसले आणि तें बांधकाम बंद पडलें. मागचें दार कोणासाठीं असतें हें आम्हांला कोणीं शिकवायला नको.

लंडनची कथा याहून कडू आहे. अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठीं आंबेडकर १९२० सालीं शाहू महाराजांचें साह्य व त्याच भथेनांचें कर्ज घेऊन पुन्हां लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें गेले. दिवसभर ग्रंथालयांत आणि रात्रीं भाड्याच्या खोलींत अर्धपोटीं राहून त्यांनीं १९२३ सालीं डी. एससी. मिळविली. ते ज्या घरांत राहत, तें महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं विकत घेतलें व स्मारक केलें. उत्तम झालें. पण ज्या घरांत आपला माणूस अर्धपोटीं राहिला तें विकत घेण्यास सरकारजवळ पैसा असतो, आणि आज तिकडे शिकणाऱ्या मुलाचा हप्ता मात्र वेळेवर जात नाहीं अशा तक्रारी पुन्हां पुन्हां निघतात, हा काय न्याय? स्मारकाची पूजा आणि विद्यार्थ्याची उपासमार, या दोन गोष्टी एका घरांत नांदूं नयेत.

खाटेचें मोल आमच्याकडे ज्याला सर्वांत आधीं कळलें तो राजा कोल्हापूरचा. सर्वांसाठीं म्हणून उघडलेल्या वसतिगृहांत बहुजनांचीं मुलें टिकत नाहींत, हा अनुभव शाहू महाराजांनीं घेतला होता. म्हणून १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत यांचीं. ज्यांना त्या काळीं अस्पृश्य म्हणत त्यांच्या मुलांसाठीं १९०८ सालीं मिस क्लार्क बोर्डिंग. १९०२ सालीं महाराज विलायतेस गेले असतां केंब्रिज विद्यापीठानें त्यांना एलएल. डी. ची मानाची पदवी दिली. त्याच वर्षीं २६ जुलैला कोल्हापुरांत मागासलेल्या वर्गांसाठीं शेंकडा ५० जागा राखण्याचा हुकूम निघाला. केंब्रिजनें त्या वर्षीं राजाचा सन्मान केला खरा. पण केंब्रिजच्या मुलींना तेव्हां पदवी नव्हती! मग त्या वर्षीं पुढारलेलें कोण, कॅमचा कांठ कीं पंचगंगेचा?

कोणी म्हणतील, जातवार बोर्डिंगें काढून जात पक्कीच केली. हा आक्षेप आम्ही झटकून टाकीत नाहीं. कुबडी ही चालण्यासाठीं असते, जन्मभर बगलेंत मिरविण्यासाठीं नव्हे. त्याचें उत्तर साताऱ्यांत मिळालें. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं शाहू बोर्डिंग सुरू केलें, तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंगतीला बसलीं, आपल्या हातांनीं रांधून जेवलीं, कष्ट करून शिकलीं. धान्य संपलें तेव्हां लक्ष्मीबाईंनीं गळ्यांतलें मंगळसूत्र मोडलें. न्यूटनच्या काळच्या केंब्रिजांतही विद्यार्थी ताटें वाहून शिकत; साताऱ्यांतही विद्यार्थी काम करून शिकले. फरक एवढाच कीं, तेथें कांहींनीं दुसऱ्यांचें काम केलें. येथें सर्वांनीं सर्वांचें केलें. एवढ्या फरकानें चाकरीचें स्वावलंबन होतें!

आज तिकडे काय चाललें आहे? ब्रिटनमध्यें सुमारें ७ टक्के मुलें खाजगी शाळांत शिकतात. पण ऑक्सफर्ड-केंब्रिजांत प्रवेश घेणाऱ्या ब्रिटिश मुलांत चारांत एकाहून जास्त त्यांचींच. अमेरिकेंत राज चेटी व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें कीं, ३८ कॉलेजें अशीं आहेत कीं त्यांत सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतलीं मुलें ही खालच्या ६० टक्के घरांतल्या मुलांहून अधिक होतीं; येल व प्रिन्स्टन त्यांतलींच. २०२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें प्रवेशांत वंश लक्षांत घेण्याची रीत बंद केली. माजी विद्यार्थ्याच्या मुलाला झुकतें माप देण्याची जुनी रीत मात्र त्या निकालानें बंद झाली नाहीं. दुसऱ्या बाजूस, हार्वर्डनें २०२५ सालीं जाहीर केलें कीं साधारणपणें वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलाला शिकवणी, खोली व जेवण सर्व फुकट. हें आम्ही मोकळ्या मनानें वाखाणतों. फाटक अरुंद असलें तरी आंत शिरलेल्याला ताट व खाट मिळते. जें चांगलें तें चांगलें म्हणावें.

आणि इकडे? दिल्लीच्या 'एम्स'मध्यें दलित-आदिवासी विद्यार्थी वसतिगृहाच्या ठराविक मजल्यांवर लोटले गेल्याचें थोरात समितीनें २००७ सालीं नमूद केलें. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठांत रोहित वेमुला व त्याचे चार सोबती यांना वसतिगृहांतून काढलें. त्यांनीं उघड्यावर राहुटी टाकली. १७ जानेवारी २०१६ रोजीं रोहितनें आपलें जीवन संपविलें. त्याची खाट काढून घेण्यापासून ही गोष्ट सुरू झाली हें विसरूं नका. मुंबईच्या आय. आय. टी. त २०२३ सालीं मेसमधलीं कांहीं टेबलें केवळ शाकाहारी जेवणासाठीं राखलीं, आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. ज्यानें त्यानें आपल्या आवडीचें खावें, आमची ना नाहीं. पण शेजाऱ्याच्या ताटाचा विटाळ मानणारें टेबल ही ऑक्सफर्डच्या सोनेरी गोंड्याचीच मराठी आवृत्ति होय.

आमच्या स्वतःच्या माणसांनाही आम्ही सोडीत नाहीं. १९८३ पासून विनाअनुदानित कॉलेजांचें पीक आलें. त्यांतल्या कित्येकांच्या दारावर शाहू-फुल्यांच्या तसबिरी आहेत, आंत संगमरवरी जिने आहेत; पण वसतिगृहाचा दर ऐकून शेतकरी बाप तसबिरीकडे न पाहतांच माघारी फिरतो. नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा! ज्यांचे बाप बोर्डिंगांत फुकट भाकरी खाऊन शिकले, त्यांनींच आज भाकरीचा भाव वाढवावा, हें पाहून महाराजांच्या आत्म्यास काय वाटत असेल?

आम्हांला हिरवळ नको, नदी नको असें नाहीं. आमच्या पोरानेंही कॅमच्या कांठीं बसून ग्रंथ वाचावा, लाल विटांच्या आवारांतून ताठ मानेनें चालावें. जाणाऱ्यांनीं जरूर जावें. पण दलालाचें चोपडें हातीं येतांच, परदेशचें असो कीं पुण्या-मुंबईचें, त्याला पांच प्रश्न करावे. गरिबाला येथें खाट मिळेल काय? ती कोणाच्या शेजारीं मिळेल? जेवणाच्या टेबलावर कोणाला मज्जाव आहे काय? अर्ध्या वर्षांत घरचा पैसा आटला तर मुलाला ठेवाल कीं काढाल? आणि शेजारच्या गरीब वस्तीसाठीं तुमचा दरवाजा पुढच्या अंगाला आहे कीं मागच्या?

परदेशीं शिष्यवृत्ति देतांना सरकार विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीकडे पाहतें. त्याच सरकारनें आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वसतिगृहांचीही क्रमवारी एकदां लावून पाहावी, आणि ती लावण्यापूर्वीं मंत्र्यांनीं तेथें एक रात्र त्याच खाटेवर झोंपून दुसऱ्या दिवशीं त्याच ताटांत जेवावें. मग आपलें विद्यापीठ जगांत कितव्या नंबरावर आहे, हें कोणाला विचारायला नको.